पेटंटच्या तारखा आणि रक्ताची पिशवी

प्रति,
मा. महानियंत्रक,
पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्क,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई.

महोदय,


आमच्या नाशिक जिल्ह्याची आपल्या दफ्तरात चांगली ओळख आहे. पैठणी, नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन ही नावे भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत आपल्याच अधिकाराखाली चढली. मी आज लिहिते आहे ते मात्र मुठीत मावणाऱ्या एका बाटलीबद्दल. तिच्यात रक्त तपासायचे द्रव्य असते. आम्ही त्याला रिएजंट म्हणतो. तीसेक वर्षे, आधी रक्तपेढीत आणि मग एका छोट्या लॅबमध्ये, माझा दिवस या बाटल्यांची झाकणे उघडण्यात आणि लावण्यात गेला.

या द्रव्यांवरून होणारी पेटंटची भांडणे दिल्लीत, मुंबईत, चेन्नईत लढली जातात. त्यांची झळ लागते ती फ्रीजचे दार उघडून उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञाला, आणि त्याच्यामागे खिडकीशी चिठ्ठी घेऊन थांबलेल्या नातेवाइकाला. त्या खटल्यांत आम्ही वादी नसतो, प्रतिवादीही नसतो. त्यामुळे आमची बाजू आपल्यापुढे कोणी मांडत नाही. ती मांडण्यासाठी हे पत्र.

आधी काम कसे चालते ते सांगते. रक्तगट पाहायचा तर पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब घेतात. पहिल्यावर निळे अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळे अँटी-बी, तिसऱ्यावर बिनरंगाचे अँटी-डी. काडीने कालवायचे आणि टाइल हलकेच डोलवायची. गट जुळणारा असेल तर रक्त फाटल्यासारखे दिसते, लाल दाणे वेगळे उठतात. नसेल तर थेंब गुळगुळीत राहतो. रक्तपेढीत हेच पुन्हा नळीत करून पाहतो, पण शिबिरात, शाळेच्या वर्गात, आश्रमशाळेच्या ओट्यावर ही टाइलच पुढे असते. निळी आणि पिवळी बाटली कोणत्या कंपनीची, हे आम्ही पेटी उघडल्यावर बघतो. एकीची नाही आली तर दुसरीची येते.

हे असे मोकळे का आहे, याचा इतिहास आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. १९७५ साली केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टीन आणि जॉर्ज कोलर यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवण्याची रीत काढली. त्या मूळ रितीवर पेटंट घेतले गेले नाही. तोवर ग्रुपिंगचे द्रव्य माणसांच्या रक्तापासून करावे लागे. ते लॉटागणिक बदले, मिळेल तितकेच मिळे. नव्या रितीने कारखान्यागणिक तीच शुद्धता मिळू लागली. १९८४ साली दोघांना नोबेल मिळाले. आज आमच्या टाइलवर पडणारा निळा थेंब त्या न घेतलेल्या पेटंटचा आहे, असे मी नव्या मुलामुलींना शिकवताना सांगत असे.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. मधून डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. टाइलवर तो ‘ओ’सारखा दिसतो, पण ‘ओ’ची पिशवी त्याला लावली तर जिवावर बेतते. तो ओळखायला अँटी-एच लागते. भारतात साधारण दहा हजारांत एकाला हा गट असतो, आणि तो सापडला की आम्ही रात्री-अपरात्री दात्यांना फोन लावतो. त्या शोधावर कोणाची मालकी नव्हती. तो जगभरच्या रक्तपेढ्यांचा झाला.

पण त्याच एकजिनसी प्रतिपिंडांवर उभ्या राहिलेल्या चाचण्यांची गोष्ट पुढे वेगळी झाली. एक प्रतिपिंड खाली, एक वर आणि मध्ये शोधायचा पदार्थ, अशा ‘सँडविच’ चाचणीवर अमेरिकेतल्या हायब्रिटेक कंपनीने पेटंट घेतले आणि १९८६ साली तिथल्या अपील न्यायालयाने ते वैध ठरवले. मूळ रीत सर्वांची राहिली. तिचा वापर करायचा तर आता कोणाची तरी परवानगी लागू लागली. एचआयव्हीच्या रक्तचाचणीचा वाद तर दोन राष्ट्रांच्या प्रमुखांपर्यंत गेला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत अर्ज केला होता, अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेने एप्रिल १९८४ मध्ये. पेटंट मात्र मे १९८५ मध्ये मागाहून आलेल्याला मिळाले. पाश्चरने दावा लावला. मार्च १९८७ मध्ये रेगन आणि शिराक यांनी स्वामित्वधनाची वाटणी जाहीर केली तेव्हा तो मिटला. कावीळ सी चे तेच. १९८९ साली विषाणू सापडला आणि ज्या कायरॉन कंपनीत तो ओळखला गेला, तिने त्याच्या चाचणीवरचा हक्क इंग्लंडमध्ये म्युरेक्स कंपनीविरुद्ध १९९६ पर्यंत लढवला.

आपल्या देशातही कावीळ सी वरच मोठी लढाई झाली. त्या खटल्याच्या तारखा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत.

दिल्लीच्या जे. मित्रा कंपनीने १४ जून २००० रोजी पेटंटसाठी अर्ज केला. विषय होता मानवी रक्तद्रवात कावीळ सी ची प्रतिपिंडे शोधणारे उपकरण. आम्हाला ते ठिपक्यांचे कार्ड म्हणून माहीत आहे. मध्ये एक गोल खिडकी असते. ठरलेल्या क्रमाने थेंब सोडत जायचे. प्रत्येक थेंब आत शोषला गेला की पुढचा. तीन मिनिटांत एक ठिपका उमटलाच पाहिजे, तो कंट्रोलचा. नाही उमटला तर कार्ड बाद. त्याखेरीज उरलेल्या दोहोंपैकी एक किंवा दोन्ही ठिपके उमटले, तर ती पिशवी कोणाला द्यायची नाही. सुरतच्या स्पॅन डायग्नॉस्टिक्सने या अर्जाला हरकत घेतली. आपल्या कार्यालयाने २३ ऑगस्ट २००६ रोजी हरकत फेटाळली आणि २२ सप्टेंबरला पेटंट दिले. स्पॅन १९ ऑक्टोबरला दिल्ली उच्च न्यायालयात अपिलात गेली. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ ऑगस्ट २००८ रोजी न्या. कपाडिया यांच्या खंडपीठाने निर्णय दिला.

निर्णय कशावर होता, महोदय? कार्ड नवे होते की जुनेच, यावर नव्हता. हरकत फेटाळली गेल्यावर अपील करायचे तर ते चालते का आणि कुठे, यावर होता. २००५ च्या दुरुस्तीने पेटंटपूर्व हरकतीतल्या हरलेल्या पक्षाचे अपील काढून टाकले होते, पण ती कलमे लागू झाली २ एप्रिल २००७ रोजी. मधल्या काळात जुनेच कलम जिवंत होते. म्हणून ही अपिले उच्च न्यायालयानेच ऐकावीत, असे ठरले. अर्ज होऊन आठ वर्षे झाली होती. पेटंटचे एकूण आयुष्य अर्जापासून वीस वर्षांचे. दोन पंचमांश आयुष्य सरल्यावर देशाचे सर्वोच्च न्यायालय दार कोणते एवढेच सांगत होते. दाराच्या आत काय आहे ते अजून उघडायचे होते. जून २०२० नंतर तर तो प्रश्नच उरला नाही, कारण वीस वर्षे संपली.

यात कोणती कंपनी बरोबर होती, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. दोन्ही आपल्याच देशातल्या. मला दिसते ते एवढेच, की ज्या चाचणीशिवाय रक्ताची एक पिशवीही बाहेर जाऊ शकत नाही, तिच्या मालकीचा प्रश्न इतकी वर्षे टांगलेला राहिला. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या प्रत्येक पिशवीला सक्तीच्या आहेत. त्यांतली एक अडली की पिशवी अडली.

आता माझ्या हातून गेलेली एक गोष्ट सांगते. वर सांगितलेल्या खटल्याशी तिचा संबंध नाही, आणि कंपनीचे नाव मी घेत नाही. डेंग्यूची साथ होती. सप्टेंबर महिना. आमच्याकडे वापरात असलेल्या एका चाचणीच्या किटचा डिस्ट्रिब्युटर फोनवर म्हणाला, “मॅडम, पुढचा लॉट येणार नाही. कंपनीचं कोर्टात काहीतरी चालू आहे, माल थांबवलाय.” फ्रीजमध्ये थोडाच साठा उरला होता. धावपळ करून दुसऱ्या कंपनीचे किट मागवले. ते आले पाचव्या दिवशी संध्याकाळी.

औषधाची कंपनी बदलली तर डॉक्टर चिठ्ठीवर दुसरे नाव लिहितात आणि काम होते. किटचे तसे नसते. नवे किट आले की आधी जपून ठेवलेले माहीत असलेले पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुने त्यावर लावून बघायचे. जुन्या किटशी ताडून बघायचे. लिहून ठेवायचे, डॉक्टरांची सही घ्यायची, मगच ते रोजच्या कामात घ्यायचे. आमच्या जपलेल्या नमुन्यांतले दोन नमुने नव्या किटवर जुन्यापेक्षा वेगळे बोलले. ते वरच्या लॅबला पाठवले. उत्तर यायला दोन दिवस लागले. तोवर गोळा झालेल्या पिशव्या ‘तपासणी बाकी’ अशा पट्टीच्या कप्प्यात पडून राहिल्या. लाल पेशी महिनाभर टिकतात, त्या थांबल्या. प्लेटलेटचे आयुष्य पाच दिवसांचे. त्यांतल्या तीन पिशव्या मी माझ्या हाताने टाकून दिल्या. पिवळट, मऊ पिशव्या असतात त्या, धरल्या की आतले द्रव्य धुरासारखे फिरते. खिडकीशी पेठहून आलेला एक माणूस त्याच्या मुलीसाठी प्लेटलेट मागत होता. तिला शेवटी दुसऱ्या रक्तपेढीतून मिळाल्या, ती वाचली. टाकलेल्या पिशव्या मात्र कोणाच्या तरी होत्या. रक्तदान करून चहा-बिस्किट घेऊन गेलेली ती तीन माणसे मला आठवतात.

औषधाचे पेटंट आणि रिएजंटचे पेटंट यांतला हा फरक मला आपल्यापर्यंत पोचवायचा आहे. औषधाच्या वादात प्रश्न बहुतेक वेळा किमतीचा असतो. मार्च २००८ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने कर्करोगाच्या औषधावर अंतरिम मनाई नाकारली, तेव्हा सिप्लाची गोळी एक तृतीयांश किमतीत मिळते हे न्यायमूर्तींनी विचारात घेतले होते. रिएजंटच्या वादात किमतीच्या आधी सातत्याचा प्रश्न येतो. माल एका दिवसात थांबतो. बदल मात्र एका दिवसात होत नाही.

आपला कायदा या बाबतीत एकेकाळी अधिक सावध होता. १९७० च्या पेटंट कायद्यात ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येत रोगाच्या निदानासाठी वापरायचे पदार्थही घेतलेले होते. त्यामुळे खुद्द पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे, आणि तेही पाच ते सात वर्षांचे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालामागचा विचार तोच होता, की माणसाच्या जिवाशी निगडित वस्तू एका हातात अडकू नये. १ जानेवारी २००५ पासून ते कलम गेले. आता द्रव्यावर, पट्टीवर, कार्डावर, त्यातल्या प्रतिपिंडांवर वीस वर्षांचे पेटंट मिळू शकते. निदानाच्या पद्धतीवर मिळत नाही. कलम ३(आय) मध्ये ‘निदान’ हा शब्द २००२ च्या दुरुस्तीने घातला गेला. म्हणजे रक्तातून रोग ओळखण्याची रीत मोकळी आणि त्या रितीला लागणारी बाटली बंद, अशी आजची स्थिती आहे. टाइल कशी डोलवायची ते मला कोणीही शिकवू शकतो. टाइलवर टाकायचा थेंब कोणाकडून घ्यायचा हे मात्र दुसराच ठरवणार.

त्या ‘निदान’ शब्दाची कक्षा कुठवर जाते यावरही वाद आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात हा प्रश्न सविस्तर हाताळला. गर्भवतीच्या रक्तातून बाळाच्या जनुकांची माहिती काढण्याचा तो विषय होता. शरीराबाहेर, नळीत केलेली तपासणीही त्या शब्दात येते, असे न्यायालयाने म्हटले. रोग उघड करणारी रीत आणि रोग उघड न करणारी रीत यांत रेघ ओढली. ती रेघ रोजच्या अर्जांवर ओढण्याचे काम आपल्या परीक्षकांकडे आहे. त्यांना माझी विनंती आहे, की एखाद्या रक्तपेढीत एक दिवस उभे राहून बघा. कागदावर ‘स्क्रीनिंग’ आणि ‘निदान’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आमच्याकडे स्क्रीनिंगचा ठिपका उमटला की पिशवी टाकली जाते आणि दात्याला बोलावून समजावून सांगावे लागते. त्या घरात तो दिवस निदानाचाच असतो.

माझे पेटंटशी भांडण आहे असा आपला समज होऊ नये. गोव्यात वेर्ण्याच्या मोलबायोने ‘ट्रूनॅट’ हे छोटे यंत्र बनवले, पुण्याच्या मायलॅबमध्ये मीनल दाखवे-भोसले यांच्या गटाने कोरोनाचे पहिले देशी किट मार्च २०२० मध्ये तयार केले. असे काम करणाऱ्या माणसांना त्यांचा हक्क मिळाला पाहिजे. उद्या सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या गाळ्यात कोणी नवे रिएजंट बनवले, तर त्याची नक्कल मोठ्या कंपनीने फुकट करू नये असेच मला वाटेल. आणि लहान कारखानदारालाच रेंगाळणाऱ्या वादाचा सर्वांत जास्त तोटा होतो. मोठ्याला आठ वर्षे वकील परवडतात.

आता सुरगाण्याचे सांगते. आमच्या जिल्ह्याचे पश्चिमेकडचे तालुके, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, हे डोंगरातले, आदिवासी, धो धो पावसाचे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान सुरू केले; चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन हे त्याचे लक्ष्य. सिकलसेलची प्राथमिक तपासणी आम्ही वर्षानुवर्षे सॉल्युबिलिटीने केली. नळीत बफर, त्यात डायथायोनाइटची पूड, त्यात रक्ताचा थेंब. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पुढे पाठवायचे. ही जुनी चाचणी आहे, कोणाच्या मालकीची नाही, पैशांतही स्वस्त. पण त्या पुडीला दमट हवा लागली की ती निकामी होते. आषाढात एका वाडीवरच्या शिबिरात मी झाकण उघडे राहिलेली बाटली वापरली आणि मुद्दाम नेलेला पॉझिटिव्ह नमुनाही स्वच्छ दिसला. त्या दिवशीचे सगळे नमुने परत घ्यावे लागले. आठ-आठ किलोमीटर चालत आलेल्या बाया होत्या, त्यांना पुन्हा बोलावले. तान्ह्या बाळांना तर ही चाचणी लागूच पडत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते.

म्हणून नव्या कार्ड चाचण्या आमच्यासाठी चैन नाही. त्या दमट हवेत टिकतात, एका थेंबावर होतात, वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिथल्या तिथे सांगतात, बाळालाही चालतात. पण त्यांच्यातली प्रतिपिंडे, पट्टीची रचना, वाचक यंत्र या सगळ्यांवर हक्क सांगणारे असतात. सात कोटी माणसे तपासायची म्हणजे एवढ्या कार्डांचा माल एका दोघांच्या हातात राहणार का, आणि उद्या त्यांच्यात वाद झाला तर सुरगाण्याच्या आशाताईच्या पिशवीत काय असेल, हा प्रश्न आजच विचारण्याचा आहे. तो आरोग्य खात्याला विचारावा तितकाच आपल्यालाही.

याच खुर्चीने एकदा त्याचे उत्तर दिलेले आहे. ९ मार्च २०१२ रोजी महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतूनच नॅटको कंपनीला बायरच्या कर्करोगावरील औषधासाठी सक्तीचा परवाना दिला. महिन्याला २ लाख ८० हजारांचे औषध ८,८०० रुपयांत आले, बायरला स्वामित्वधन ठरवून मिळाले, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही तो आदेश उचलून धरला. आजवरचा देशातला तो एकमेव सक्तीचा परवाना आहे. त्या आदेशाला आधार कशाचा होता? पेटंटधारक दरवर्षी भरत असलेल्या फॉर्म २७ चाही होता. देशात माल किती आला, किती विकला, हे त्यातून दिसले.

तो फॉर्म आपल्या खात्याने नंतर हलका करत नेला. २०२० मध्ये मालाची संख्या आणि लोकांची गरज वाजवी किमतीत भागते का, हे रकाने गेले. १५ मार्च २०२४ च्या नियमांनी तो दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा भरायचा झाला. उद्योगांवरचा कागदाचा भार कमी झाला, हे मान्य. पण आमच्या फ्रीजमधले किट दोन-अडीच वर्षांत एक्स्पायर होते. तीन वर्षांनी येणारी माहिती आमच्या काय कामाची? किमान रक्तसुरक्षेच्या पाच सक्तीच्या चाचण्या, रक्तगटाची द्रव्ये आणि सिकलसेल यांच्यासाठी तरी हा फॉर्म दरवर्षी, संख्येसकट आणि किमतीसकट भरून घ्या. ही यादी लहान आहे. ती वेगळी काढणे आपल्याला अवघड नाही.

त्याच २०२४ च्या नियमांनी पेटंटपूर्व हरकतीला शुल्क लावले आणि हरकत चालवायची की नाही हे आधी तपासण्याचा अधिकार नियंत्रकांना दिला. कलम २५(१) म्हणते की हरकत कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. हा ‘कोणतीही’ शब्द मला फार मोलाचा वाटतो. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने व्यसनमुक्तीचे काम करता करता कावीळ सी च्या औषधावरच्या रोशच्या पेटंटला आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते रद्द करून घेतले. क्षयरोगातून वाचलेल्या नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा तिसिले यांनी २०१९ मध्ये क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटच्या मुदतवाढीवर हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये आपल्याच मुंबई कार्यालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. या हरकती घेणारी माणसे कंपनीची स्पर्धक नव्हती. त्या औषधांशी ज्यांचा जीव बांधलेला होता, त्यांची ती बाजू होती. रक्तपेढीचा तंत्रज्ञ, सिकलसेलच्या मुलाची आई, आमच्याच म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठातला विद्यार्थी अशी हरकत घ्यायला आला तर त्याला शुल्काच्या आणि पात्रतेच्या उंबऱ्यावर अडवू नका.

पण तो येणार कसा? आपले जर्नल दर शुक्रवारी निघते. त्यात हजारो अर्ज असतात. रक्ततपासणीचा अर्ज कुठला, हे आमच्यातल्या एकालाही कळत नाही. कळते ते कंपनीच्या वकिलाला. रक्ततपासणीच्या द्रव्यांचे आणि किटचे अर्ज एका वेगळ्या पानावर, हिंदीत आणि मराठीत चार ओळींच्या सारांशासह द्या. ते पान मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेला, राज्य रक्त संक्रमण परिषदेला आणि जिल्हा रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांना पाठवा. आम्ही वाचू. कोणती गोष्ट आम्ही वीस वर्षांपासून करतो आहोत आणि कोणती खरोखर नवी आहे, हे आम्ही सांगू शकतो. परीक्षकालाही त्याची मदतच होईल.

आणि या अर्जांवरच्या हरकती आधी ऐका. स्टार्टअप, महिला अर्जदार, लघुउद्योग यांच्या अर्जांची जलद तपासणी करण्याची सोय आपल्या नियमांत आहेच. तशीच एक रांग रक्ताच्या चाचण्यांवरील वादांसाठी असावी, आणि हरकत दाखल झाल्यापासून एक वर्षात निर्णय व्हावा. मनाई हुकूम देणे न्यायालयाच्या हातात आहे, आपल्या नाही, हे मला समजते. पण केंद्र सरकारला शिफारस करणे आपल्या हातात आहे. रक्तसुरक्षेच्या किटवर मनाई आली तरी रक्तपेढ्यांना सहा महिने चालू मालाचा पुरवठा सुरू राहावा आणि त्याचे स्वामित्वधन न्यायालयात जमा व्हावे, अशी तरतूद कायद्यात आणण्याची शिफारस करा. मालकाचे नुकसान पैशात भरून देता येते. मुदत संपलेली प्लेटलेटची पिशवी परत मिळत नाही.

मुंबई आमच्यापासून कसाऱ्याचा घाट उतरला की चार तासांवर आहे. नाशिकच्या कोणत्याही रक्तपेढीत आपण किंवा आपले परीक्षक आलात, तर ‘तपासणी बाकी’चा तो कप्पा उघडून दाखवायला मी स्वतः येईन. या पत्राला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
नाशिक